राखीव जागेवरून अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत: नागरी सहकारी बँकेतील संचालिकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, आणि त्या जागांसाठी नावांचा शोध बहुधा उमेदवारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात सुरू होतो. पॅनेलप्रमुख एखाद्या जुन्या सभासदाला फोन करून ‘वहिनींचा फॉर्म भरून टाकू’ असे सांगतात, वहिनींच्या सह्या घेतल्या जातात, निवडणूक बिनविरोध होते आणि पुढील पाच वर्षे वहिनी सभेला येऊन हजेरी पुस्तकात सही करून परत जातात. संचालकांच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवताना अशा संचालिका मला वारंवार भेटल्या. त्यांच्यात कुवतीची उणीव नव्हती. क्रम उलटा झाला होता. पद आधी मिळाले, अभ्यास नंतर सुरू झाला आणि अधिकाराच्या जागा कोणत्या हे मुदत संपता संपता कळले.

पुढील टप्पे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली बँक गृहीत धरून लिहिले आहेत. बहुराज्यीय बँकांना २००२ चा केंद्रीय कायदा लागू होतो. तेथेही महिलांसाठी दोन जागा आहेत, परंतु मतदानाचे आणि निवडणुकीचे नियम वेगळे आहेत. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसले तरी कामाचा क्रम तोच ठेवावा.

टप्पा १: सभासदत्व स्वतःच्या नावावर घ्या

पुष्कळ घरांत बँकेचे भाग (शेअर) पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतात आणि स्त्रीचे फक्त संयुक्त बचत खाते असते. काही वेळा तिने कोणाच्या कर्जाला जामीन राहताना एक अर्ज भरलेला असतो आणि त्यामुळे आपण सभासद आहोत अशी तिची समजूत असते; प्रत्यक्षात ती नाममात्र सभासद असते आणि नाममात्र सभासदाला मताधिकार नसतो. संयुक्त खाते म्हणजेही सभासदत्व नव्हे.

म्हणून पहिले काम म्हणजे स्वतःच्या नावाने नियमित सभासदत्वाचा अर्ज देणे, भागांची रक्कम स्वतःच्या खात्यातून भरणे आणि भाग प्रमाणपत्र ताब्यात घेणे. सहकार कायद्याच्या कलम २७ नुसार नव्या व्यक्तिगत सभासदाला नोंदणीपासून दोन वर्षे मत देता येत नाही. निवडणूक जवळ आल्यावर घेतलेला भाग त्या निवडणुकीत उपयोगी पडत नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक उमेदवाऱ्या याच एका कारणाने सुरू होण्याआधी संपल्या.

क्रियाशील सभासद कोणाला म्हणायचे, किमान किती रुपयांचे भाग हवेत, किती ठेव किंवा व्यवहार हवा, हे बँकेच्या उपविधींत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, दिलेले असते. उपविधींची प्रत मागून घ्यावी. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत होते. तिला हजर राहून नोंदवहीत सही करावी आणि सभेच्या नोटिशीसोबत आलेला वार्षिक अहवाल जपून ठेवावा, कारण तिसऱ्या टप्प्यात तोच लागणार आहे.

तपासणी: भाग प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि बँकेच्या सभासद नोंदवहीतील नाव तिन्ही ठिकाणी सारखे आहे का? माहेरचे आडनाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी असेल, तर दुरुस्ती आजच करून घ्यावी.

टप्पा २: घरातील कर्जे आणि जामिनक्या मोजा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण वगळतो. नागरी सहकारी बँकेला आपल्या संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या पेढ्यांना कर्ज देता येत नाही; मुदत ठेवीच्या किंवा विमा पॉलिसीच्या तारणावरील कर्जासारखे मोजके अपवाद सोडले, तर ही बंदी सरसकट आहे. संचालक किंवा त्यांचे नातेवाईक दुसऱ्याच्या कर्जाला जामीनही राहू शकत नाहीत. नातेवाईक या शब्दात पती, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण येतात.

आता ज्या घरातून उमेदवारी येते त्या घराकडे पाहा. पती व्यापारी, दुकानाचे कॅश क्रेडिट खाते (मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल देणारे कर्जखाते) याच बँकेत, भावाने ट्रॅक्टरसाठी घेतलेले कर्ज याच बँकेत आणि त्याला जामीन आपण स्वतः. कॅश क्रेडिट दरवर्षी नूतनीकरणाला येते आणि संचालकपद मिळाल्यावर पेच नेमका तेथे पडतो. मग घरात ‘तुझ्या पदापायी माझा धंदा अडला’ हे वाक्य निघते आणि सहा महिन्यांत राजीनामा येतो. हे टाळायचे असेल तर कर्जे आणि जामिनक्या यांची यादी करून ती बँकेच्या अधिकाऱ्याला दाखवावी, कोणती खाती बंद करावी किंवा दुसऱ्या बँकेत न्यावी लागतील हे लेखी विचारावे आणि घरातील माणसांशी ते बोलणे उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी संपवावे.

सावधान: थकबाकीदार व्यक्ती संचालक होऊ शकत नाही. स्वतःचे कर्ज नसले तरी जामिनकीतून थकबाकी अंगावर येऊ शकते. विसरलेली एखादी जुनी जामिनकी छाननीच्या दिवशी विरोधक हमखास शोधून काढतात.

टप्पा ३: ताळेबंद वाचायला शिका

येथे घाई करू नये. दोन वर्षांचा जो काळ मताधिकाराची वाट पाहण्यात जाणार आहे, तो याच कामासाठी आहे. बँकेचे मागील तीन वार्षिक अहवाल घ्यावेत आणि चार आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहावेत: एकूण ठेवी, एकूण कर्जे, ढोबळ व निव्वळ एनपीए (थकीत कर्जे; तरतूद वजा केली की निव्वळ) आणि भांडवल पर्याप्तता प्रमाण, म्हणजे कर्जांतील जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल. हे शेवटचे प्रमाण ठेवी १०० कोटींपर्यंत असलेल्या पहिल्या स्तरातील बँकांसाठी किमान ९ टक्के आणि वरच्या स्तरांतील बँकांसाठी १२ टक्के लागते. नफा मुद्दाम यादीत धरलेला नाही. नफ्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो बाकीच्या आकड्यांवर उभा असतो. ते कसे, हे एका उदाहरणावरून कळेल.

समजा, एका उद्योजकाकडे बँकेचे ५० लाख रुपये अडकले आहेत आणि खाते ‘संशयित’, म्हणजे वसुलीची खात्री न उरलेल्या कर्जांच्या, वर्गात जाऊन अजून एक वर्ष झालेले नाही. तारण असलेल्या गाळ्याची खरी किंमत ३० लाख आहे. नियमानुसार तारणाने न झाकलेल्या २० लाखांवर १०० टक्के, म्हणजे २० लाखांची तरतूद करावी लागते; तरतूद म्हणजे बुडण्याच्या शक्यतेपोटी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम. तारणाने झाकलेल्या ३० लाखांवर २० टक्के, म्हणजे ६ लाखांची. एकूण तरतूद २६ लाख. आता त्याच गाळ्याचे मूल्यांकन कागदावर ५० लाख दाखवले, तर तरतूद फक्त १० लाखांची होते आणि नफा १६ लाखांनी वाढलेला दिसतो. गाळा तोच, कर्जदार तोच, वसुली शून्य. म्हणून एनपीए खात्यांवर चर्चा होईल तेव्हा पहिला प्रश्न ‘मूल्यांकन अहवाल कोणत्या तारखेचा आणि कोणाचा?’ हाच असावा.

लक्ष ठेवायची दुसरी जागा म्हणजे कर्जखात्यांचे मार्चअखेरचे उतारे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक थकले की खाते एनपीए होते, आणि एकदा एनपीए झालेले खाते थकलेले सर्व मुद्दल व व्याज भरल्याखेरीज पुन्हा नियमित धरता येत नाही; थोडे व्याज जमा करून भागत नाही. हे माहीत असलेला माणूस खाते एनपीए होऊच नये म्हणून ३० मार्चला रक्कम जमा दाखवतो आणि ५ एप्रिलला तेवढीच रक्कम भावाच्या किंवा दुसऱ्या पेढीच्या नावे कर्ज म्हणून बाहेर काढतो. उताऱ्यावर बोट ठेवून या दोन तारखा एकत्र वाचता आल्या, की ताळेबंद वाचता येऊ लागला असे समजावे.

शिकायचे कोठे, हा प्रश्न नेहमी येतो. पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय येथे सहकारी बँकांसाठी वर्ग होतात, पण ते बहुतांशी पदावर असलेल्यांसाठी असतात. त्याआधी ओळखीच्या सनदी लेखापालाकडे महिन्यातून दोन संध्याकाळी बसणे अधिक उपयोगाचे. वाणिज्य शाखेची पदवी नाही म्हणून कचरण्याचे कारण नाही. भिशीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आणि बचत गटाची वसुली सांभाळलेल्या बायका हे गणित लवकर पकडतात, असा माझा अनुभव आहे.

तपासणी: अहवाल मिटून, आपल्या बँकेची निव्वळ एनपीए किती टक्के आहे आणि ती मागील वर्षापेक्षा वाढली की घटली, हे कारणासह दोन मिनिटांत सांगता येते का? येत नसेल तर चौथ्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ४: जागा ठरवा, मग पॅनेलशी बोला

कायद्याने महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवल्या आहेत. सर्वसाधारण जागांवर महिलांनी उभे राहू नये असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही ‘महिला म्हणजे महिला राखीव’ हे समीकरण इतके रुळले आहे की पदवीधर, वकील, सनदी लेखापाल असलेल्या दोन स्त्रिया एकमेकींविरुद्ध त्याच दोन जागांसाठी भांडतात आणि सर्वसाधारण जागा मोकळ्या राहतात.

बोलणी करताना दोन गोष्टी हाताशी असाव्यात. बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकांनाही ही अट लागू झाली आहे की, किमान ५१ टक्के संचालकांना लेखाशास्त्र, कायदा, बँकिंग, सहकार, शेती, अर्थशास्त्र, लघुउद्योग अशा विषयांचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असावा. या यादीतील एखादा विषय आपला असेल, तर आपले नाव स्त्री म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून पुढे ठेवावे. पॅनेलप्रमुखाला अशी नावे हवीच असतात. दुसरे म्हणजे, अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक वगळता इतर संचालकांना सलग १० वर्षांपेक्षा अधिक काळ राहता येत नाही. ही मर्यादा पूर्वी ८ वर्षे होती आणि ऑगस्ट २०२५ पासून १० झाली. कोणत्या संचालकाची मुदत कधी भरते, याची यादी करावी; रिकाम्या होणाऱ्या जागा तेथेच दिसतात.

ज्यांना निवडणुकीच्या वाटेने जायचे नाही त्यांच्यासाठी व्यवस्थापन मंडळाचा मार्ग आहे. १०० कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज असे मंडळ नेमावे लागते आणि त्यात बाहेरच्या तज्ज्ञांना घेता येते. निवृत्त बँक अधिकारी स्त्रियांनी या जागेसाठी स्वतःहून अर्ज करावा, कारण तेथे आपली आठवण आपोआप कोणाला येत नाही.

सावधान: पॅनेलकडून उमेदवारीच्या बदल्यात कोरा राजीनामा सही करून मागितला जातो. तो देऊ नये. एकदा दिला की पाच वर्षे मत आपले राहत नाही.

टप्पा ५: अर्ज आणि छाननी

राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या कार्यक्रमाप्रमाणे आधी प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते. तिच्यात आपले नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक पाहून चूक असल्यास मुदतीत हरकत घ्यावी. अंतिम यादी लागल्यावर केलेली धावपळ व्यर्थ ठरते. उमेदवारी अर्ज स्वतः वाचून भरावा, सूचक आणि अनुमोदक त्याच यादीतील मतदार आहेत याची खात्री करावी आणि छाननीला स्वतः हजर राहावे. पतीला पाठवू नये. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा जी व्यक्ती बोलते, तीच पुढे संचालक म्हणून ओळखली जाते.

टप्पा ६: निवडून आल्यावर पहिल्या तीस दिवसांत उपसमिती मिळवा

बँकेत निर्णय मंडळाच्या सभेत होतात असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ते उपसमित्यांत होतात आणि मंडळ शिक्का मारते. कर्ज, वसुली, गुंतवणूक आणि लेखापरीक्षण या चार उपसमित्या वजनाच्या. यांखेरीज एखादी ‘महिला विकास’ किंवा ‘सांस्कृतिक’ उपसमिती असते. नव्या संचालिकेला मोठ्या आदराने तिचे प्रमुखपद देऊन हळदीकुंकवाचा आणि वर्धापनदिनाचा खर्च तिच्याकडे सोपवला जातो. ते पद नाकारण्याची गरज नाही; तेवढ्यावर समाधान मानणे ही चूक आहे.

माझा आग्रह लेखापरीक्षण उपसमितीचा आहे. कर्ज उपसमितीत मान मिळतो, पण तेथे येणारे प्रत्येक प्रकरण कोणाच्या तरी माणसाचे असते आणि नव्या सदस्यावर दबाव लगेच येतो. लेखापरीक्षण उपसमितीत समवर्ती लेखापरीक्षकाचे (व्यवहार चालू असतानाच ते तपासणाऱ्याचे) अहवाल, रिझर्व्ह बँकेचा तपासणी अहवाल आणि त्यावरील दोष दुरुस्तीची उत्तरे हातात येतात. एका वर्षात बँकेची नस कळते. शिवाय या समितीत येण्यासाठी स्पर्धा कमी असते, कारण तेथे वाचावे लागते.

मागणी लेखी द्यावी: ‘लेखापरीक्षण उपसमितीवर काम करण्याची माझी इच्छा आहे’ असे अध्यक्षांच्या नावे एक पत्र, आवक शिक्क्यासह. त्याच वेळी सभांची वेळ आणि जागा ठरावाने निश्चित करून घ्यावी. उपसमितीची बैठक रात्री साडेनऊला एखाद्या संचालकाच्या दुकानावर घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे आणि स्त्रियांना बाहेर ठेवण्यासाठी कोणताही ठराव करावा लागत नाही, ती रीतच पुरेशी असते. बैठक बँकेच्या मुख्य कार्यालयात, ठरलेल्या वेळी होईल, एवढी एक ओळ ठरावात आली तरी निम्मी लढाई जिंकता येते.

टप्पा ७: विषयपत्रिका, इतिवृत्त आणि सही

एका बँकेतील प्रसंग सांगतो. सभा संपत आली होती, डब्यांतून पोहे येऊ लागले होते आणि विषयपत्रिकेवरील शेवटचा विषय होता, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्यात एका बांधकाम व्यावसायिकाची मोठी कर्जमर्यादा वाढवण्याचे प्रकरण तोंडी मांडले गेले. लिपिकाने इतिवृत्ताची वही नव्या संचालिकेपुढे सरकवली आणि शेजारच्या संचालकांनी ‘ताई, सही करा, सगळ्यांची झाली’ असे म्हटले. ताईंनी पेन खाली ठेवले आणि प्रकरणाची टिपणी मागितली. टिपणी तयारच नव्हती. विषय पुढच्या सभेवर गेला आणि त्या दिवसापासून ताईंकडे सभेची कागदपत्रे तीन दिवस आधी येऊ लागली.

हा हट्ट नव्हता, स्वसंरक्षण होते. बँकेचे नुकसान झाल्यास सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित होऊ शकते आणि ती रक्कम संचालकांकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकते. ‘मला काही सांगितले नव्हते’ हा बचाव तेथे टिकत नाही, कारण सही असते. म्हणून पुढील शिस्त पहिल्या सभेपासून पाळावी.

विषयपत्रिका आणि टिपण्या सभेपूर्वी लेखी मागवाव्यात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यापूर्वी पूर्ण वाचावे आणि आपण बोललेले त्यात नसेल तर तेथेच दुरुस्ती सुचवावी. असहमती असेल तर ती तोंडी सांगून थांबू नये. ‘या ठरावास माझा विरोध असून कारण असे की’ या शब्दांत ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि लिपिक टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या दिवशी पत्र देऊन पोच घ्यावी. स्वतःची एक वही ठेवावी, जिच्यात तारीख, विषय, आपण विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर असेल.

प्रश्न विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘यात काहीतरी गडबड दिसते’ असे म्हटले की सभा दोन गटांत विभागते आणि प्रश्न मरतो. ‘या खात्यात मागील ९० दिवसांत किती रक्कम जमा झाली?’ असे विचारले की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आकडा द्यावाच लागतो.

सावधान: पतीने सभेत शेजारी बसणे, फोनवर सल्ला देणे किंवा शाखेत जाऊन ‘मॅडमनी सांगितले आहे’ असे म्हणणे हे तिन्ही प्रकार पहिल्याच वेळी थांबवावेत. कर्मचाऱ्यांनी निरोप कोणाकडे द्यायचा, हे त्यांना पहिल्या महिन्यात ठरवून द्यावे लागते. नंतर ते बदलत नाही.

टप्पा ८: उपाध्यक्ष आणि अध्यक्ष

अध्यक्ष निवडतात ते संचालक, सभासद नव्हेत. त्यामुळे येथे लोकप्रियतेपेक्षा संचालकांची मोजणी महत्त्वाची असते. दोन ते तीन वर्षे लेखापरीक्षण उपसमितीवर काम केले आणि एका वसुली मोहिमेत प्रत्यक्ष भाग घेतला, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे थकबाकी वसुलीचे दाखले किती निघाले आणि त्यांपैकी किती रक्कम हाती आली हे तोंडपाठ असले, की इतर संचालक अडचणीच्या वेळी आपल्याकडे पाहू लागतात. तेव्हा उपाध्यक्षपदाबद्दल स्वतः बोलावे. कोणीतरी सुचवील म्हणून वाट पाहणे ही या टप्प्यातील एकमेव मोठी चूक आहे. पद वाटून घेण्याची बोली झाली, म्हणजे आधी त्यांनी अडीच वर्षे आणि मग आपण, तर पहिला वाटा आपण मागावा, कारण दुसऱ्या वाट्याची आठवण वेळ आल्यावर सर्वांना राहतेच असे नाही.

अध्यक्ष झाल्यावर कर्जमंजुरीच्या दैनंदिन कामात हात घालू नये. ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे काम आहे. अध्यक्षाच्या हातात विषयपत्रिका असते. पहिल्या विषयपत्रिकेवर दोन ठराव घ्यावेत. एक, ऐनवेळच्या विषयांत कोणतेही कर्जप्रकरण घेतले जाणार नाही. दोन, प्रत्येक शाखेने महिला खातेदारांकडून नियमित सभासदत्वाचे अर्ज भरून घ्यावेत. दुसऱ्या ठरावाची तारीख पुढील निवडणुकीच्या किमान तीन वर्षे आधीची असावी. मताधिकाराची अट दोन वर्षांची असली तरी अर्जाची छाननी, मंडळाची मंजुरी आणि नोंदवहीतील नोंद यांत शाखांकडून काही महिने सहज जातात.